सत्तावीस नंबरच्या गाडीवरचं नाव

पद्मिनीची चूक एकच झाली: ती शहाण्यासारखी वागली. वेड्यासारखी वागली असती, ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी फोन ठेवून तडक म्हातारीला आणायला गेली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण आपल्याकडच्या हुशार मुलींना शहाणपणाची भारी हौस. परदेशात राहायला लागल्या की ती दुप्पट होते, कारण तिथलंही शहाणपण त्या मन लावून शिकून घेतात.

पद्मिनी मूळची चिंचवडची, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. नवरा श्रीहरी जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत लागला, म्हणून २००९ साली टूलरूममधली चांगली नोकरी सोडून ती त्याच्या मागोमाग आली. दीड-दोन वर्षांत भूकंप झाला. घरातली कपाटं आडवी झाली, नळाचं पाणी गेलं, आणि ओळखीची निम्मी मंडळी मिळेल त्या विमानाने परत गेली. हे दोघं राहिले. श्रीहरीच्या प्रयोगशाळेतली यंत्रं पडली होती ती उभी करायची होती, आणि पद्मिनीला जपानी भाषेची पुढची परीक्षा द्यायची होती. माणसं राहतात ती असल्याच कारणांनी.

परीक्षा झाली आणि तिला त्सुचिउराच्या एका कारखान्याच्या ऑफिसात अर्धवेळ काम मिळालं. रोज सायकलने जायची. वाटेत कमळकाकडीची पाणथळ शेतं, आणि त्या शेतांच्या कडेला एक जुनी शेड होती. भूकंपात तिची एक भिंत कोसळली होती, तिथे निळी ताडपत्री बांधलेली. ताडपत्रीखालून एक चाक डोकावायचं. चाक मोटारीचं म्हणावं तर बारीक, सायकलचं म्हणावं तर जाड. महिनाभर पद्मिनीने कळ काढली आणि एके दिवशी सायकल उभी करून आत डोकावली. आत कुवाबारा-सान एका बुटक्या लाल गाडीच्या पोटाखाली आडवे झाले होते.

कुवाबारा-सान सत्तरीचे, निवृत्त टर्नर. त्यांच्याकडे तसल्या तीन गाड्या होत्या. त्यांना मिजेट म्हणतात, म्हणजे बुटकी रेसकार. लांबी आपल्या रिक्षाएवढी, पुढे इंजिन, मागे फुगीर शेपटी, आणि मध्ये ड्रायव्हर पाटावर जेवायला बसल्यासारखा ताठ. गिअर नाहीत, स्टार्टर नाही. मागून ढकलायची, की सुटली. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी असल्या गाड्या आपापल्या तळांवर जुळवल्या आणि मातीच्या गोल ट्रॅकवर पळवल्या. पुढे सैनिक घरी गेले आणि गाड्या इथल्या गोदामांत, गोठ्यांत पडून राहिल्या. कुवाबारा-सान तरुणपणापासून त्या हुडकत आले होते. त्यांनी त्यावर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं होतं, आणि जुन्या रेसकारवाल्यांच्या मंडळात ते पुस्तक म्हणजे ब्रह्मवाक्य. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सत्तावीस नंबरची ही लाल गाडी होती. १९५२ च्या ऑक्टोबरमधली मोठी शर्यत सार्जंट हॉलोवे नावाच्या अमेरिकनाने हिच्यावर जिंकली, असं आत छापलेलं होतं.

त्या दिवसापासून चार वर्षं पद्मिनीचे रविवार त्या शेडमध्ये गेले. श्रीहरी म्हणायचा, ‘लोकांच्या बायका क्योतोला जातात, माझी गंजाला जाते.’ तिला त्याचं काही नव्हतं. चिंचवड सोडल्यापासून हाताला ग्रीस लागलं नव्हतं, ते लागलं. कुवाबारा-सानांनी तिला पितळेचा सांधा लावायला शिकवलं, पोचा आलेला पत्रा काढायला शिकवलं. ‘पत्र्याला मारू नका, समजवा,’ ते म्हणायचे. तिने त्यांना आल्याच्या चहाची सवय लावली. पहिली दोन वर्षं ते तिच्याशी आदबीच्या जपानीत बोलत. मग एका रविवारी, बारा नंबरचा पाना मागता मागता, सहज ‘तू’वर आले. पद्मिनीने घरी जाऊन श्रीहरीला ते दोनदा सांगितलं. वडील गेल्यापासून तिच्यावर इतक्या हक्काने कुणी ओरडलं नव्हतं.

२०१६ च्या मे महिन्यात सत्तावीस नंबरच्या शेपटीची पाळी आली. जुना रंग एकदम खरवडायचा नसतो. वॉटर पेपर घेऊन पाण्याच्या हाताने, अगदी थोडा थोडा घासत जायचं, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकेक काळाचे रंग उघडे पडतात. वरचा लाल गेला, खाली पांढरा निघाला. पांढऱ्याखाली निळा निघाला, आणि निळ्यावर पिवळ्या रंगाचा एक फराटा. पद्मिनीने श्वास रोखून आणखी तीन तास घासलं. तीन अक्षरं वर आली. सदाओ. ब्रशने, हाताने लिहिलेली, रंग इतका दाट की कडेवर नख अडकत होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब सोडलेली, सही करणाऱ्याने ऐटीत सोडावी तशी.

कुवाबारा-सानांनी चष्मा बदलून पाहिलं. ‘कुणा पोराने खरडलं असेल,’ ते म्हणाले.

‘एवढ्या सफाईने?’

त्यांनी पुन्हा चष्मा बदलला. पण पद्मिनीने हट्टच धरला, की एवढा तळहाताएवढा तुकडा असाच उघडा ठेवायचा, वरून फक्त पारदर्शक वार्निश द्यायचं. बऱ्याच गाड्यांवर असा एक तुकडा राखतात, आतलं अस्सल दिसावं म्हणून; त्याला खिडकी म्हणतात. ते हसले आणि म्हणाले, ‘ठेवू. शब्द देतो.’ आपल्याकडे शब्द द्यायला लोक गळा धरून शपथ घेतात. हा माणूस नुसतं ‘देतो’ म्हणाला, आणि पद्मिनीला ते शपथेपेक्षा मोठं वाटलं.

मग ती शोधाच्या मागे लागली. पुस्तक लिहिताना कुवाबारा-सानांना इंग्रजी अडत होतं, तिला नव्हतं. हॉलोवे सार्जंट केव्हाच वारला होता, पण त्याची मुलगी अमेरिकेत एका लहान गावात सापडली. तिने बापाच्या कागदांची प्रत पाठवली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की सार्जंट हॉलोवे जून १९५२ मध्ये बोटीने जपान सोडून गेला. शर्यत ऑक्टोबरमधली. म्हणजे ज्या माणसाने शर्यत जिंकली म्हणून साठ वर्षं सांगत होते, तो शर्यतीच्या दिवशी समुद्रापलीकडे स्वतःच्या घरी बसला होता. मितोच्या ग्रंथालयात तिने जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या फिल्मा पाहिल्या, चार शनिवार. चौथ्या शनिवारी चार ओळी मिळाल्या. मालक मायदेशी गेल्याने ओनाहामाचा तरुण मेकॅनिक नेमोतो याने गाडी चालवली आणि पहिला आला.

ओनाहामा हे इवाकीजवळचं बंदर. तिकडे नेमोतो आडनाव आपल्याकडच्या पाटलांइतकं. पद्मिनीने डिरेक्टरी घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेका नेमोतोला फोन लावायला सुरुवात केली. बरेच फोन बंद होते, बरीच घरंच राहिली नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या नेमोतोने सांगितलं, की आमच्या दूरच्या नात्यात किनु नावाची एक म्हातारी आहे, भूकंपानंतरच्या लाटेत घर गेल्यापासून इवाकीत सरकारी सदनिकेत एकटी राहते, तिचा एक भाऊ गाड्यांच्या मागे वेडा होता.

तो ऑगस्टमधला मंगळवार. किनुआजींचा आवाज बारीक होता पण खणखणीत.

‘सदाओ माझा दादा,’ त्या म्हणाल्या. ‘अमेरिकन तळावर कामाला जायच्या आधी तो बंदरात बोटींवर नावं रंगवायचा. अठ्ठावन्न साली त्याला समुद्राने नेलं. अकरा साली समुद्र घरात आला आणि त्याचे फोटो घेऊन गेला, पत्रं घेऊन गेला, देवघर घेऊन गेला. माझ्याकडे त्याचं काही नाही.’

‘किनु-सान,’ पद्मिनी म्हणाली, ‘गाडीवर त्यांचं नाव आहे. त्यांनीच लिहिलेलं असणार. ब्रशने.’

मग म्हातारीने विचारलं, ‘माझे डोळे गेलेत, काचबिंदूने. ते अक्षर बोटाला लागतं का?’

‘लागतं. कड वर आलेली आहे.’

‘शेवटच्या अक्षराची शेपटी लांब आहे का गं?’

‘आहे.’

‘उद्या येऊ?’ किनुआजींनी विचारलं.

इथे पद्मिनीचं शहाणपण आडवं आलं. जपानी ऑफिसात एक रीत असते, नेमावाशी म्हणतात तिला. बैठकीत एखादा विषय काढायचा, तर ज्याला तो टोचणार त्याच्याकडे आधी एकट्याने जायचं, कागद दाखवायचे, त्याला पचवायला वेळ द्यायचा. म्हणजे चारचौघांत कुणाची मान खाली जात नाही. पद्मिनी ही रीत शिकली होती आणि तिला तिचा अभिमान होता. त्यात घरची शिकवणही तीच, गुरूच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. कुवाबारा-सानांचं पुस्तक चुकलेलं होतं. ते त्यांना कुणा परक्या म्हातारीसमोर, आपल्याच शेडमध्ये, अचानक कळावं हे तिला बरं वाटेना. आधी सेन्सेईंना, म्हणजे आपल्या गुरुजींना सांगू, मग मंडळाला, मग मंडळाच्या ऑक्टोबरमधल्या प्रदर्शनात किनुआजींना मानाने बोलावू, अशी तिने मनात पायरी पायरी लावली.

‘ऑक्टोबरपर्यंत थांबाल का?’ ती म्हणाली. ‘सगळं रीतसर झालं, की मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन.’

‘साठ वर्षं थांबले, दोन महिन्यांचं काय,’ किनुआजी म्हणाल्या.

रात्री जेवताना श्रीहरी म्हणाला, ‘अगं, म्हातारीला आण की आधी. ब्याऐंशी वर्षांचं माणूस.’

‘इथे असं चालत नाही, श्री. तुला लॅबबाहेरचं काही कळत नाही.’

तो वरण ओरपत गप्प बसला. बरोबर असून गप्प बसणं हा त्याचा जुना दोष आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिने कुवाबारा-सानांपुढे फाइल ठेवली. बोटीचा कागद, वर्तमानपत्राची प्रत, किनुआजींचा पत्ता, सगळं तारखेवार लावून, वर जपानीत दोन पानी टिपण. ‘तुमच्याखेरीज कुणाला दाखवलेलं नाही,’ ती म्हणाली. कुवाबारा-सानांनी ते सावकाश वाचलं. बार्लीचा थंड चहा दोघांच्या पेल्यांत ओतला. पुन्हा पहिलं पान काढलं, पुन्हा वाचलं.

‘छान शोध घेतलास,’ ते म्हणाले. ‘मंडळापुढे मीच मांडतो. माझी चूक मीच सांगितलेली बरी.’

पद्मिनीचा ऊर भरून आला. घरी येऊन म्हणाली, ‘बघ, याला म्हणतात मोठेपणा.’

पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, की कंबर धरली आहे, शेड महिनाभर बंद. पद्मिनीचा जीव तुटला. एकटा माणूस, खाणार काय? दर बुधवारी ती मुगाची खिचडी आणि कढी डब्यात घालून सायकलने घेऊन जायची. कुवाबारा-सान दारातच डबा घ्यायचे, तोंडावर मास्क, कपाळावर बारीक धूळ. आत कॉम्प्रेसर घुरघुरत असायचा. कमरदुखीच्या माणसाला कॉम्प्रेसर कशाला लागतो, हे इंजिनियर बाईंना चारही बुधवार सुचलं नाही. ‘तुझी खिचडी फार चांगली होती,’ ते म्हणायचे आणि धुतलेला रिकामा डबा परत द्यायचे.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. प्रदर्शन तळ्याकाठच्या मैदानात होतं. किनुआजींची आगगाडी अकराला येणार होती, म्हणून पद्मिनी आठलाच मैदानावर पोचली. सत्तावीस नंबर सगळ्यांच्या मध्ये उभी होती, उन्हात सफरचंदासारखी तुकतुकीत. पुढच्या पत्र्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत सार्जंट हॉलोवेचं नाव. पद्मिनी वळसा घालून शेपटीकडे गेली. तिथे खिडकी नव्हती. लाल रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होता, आणि खाली, कोपऱ्यात, साच्यातून काढल्यासारख्या पांढऱ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: मेकॅनिक, नेमोतो सदाओ.

तिने हात लावला. हाताला सगळं समजतं. पिवळ्या अक्षरांवर रंग मारला असता तर फुगीर कड बोटाला लागली असती. काही लागलं नाही. पार पत्र्यापर्यंत घासून, पुट्टी भरून, प्रायमर मारून, नव्याने रंगवलं होतं. महिनाभराचं काम होतं ते, आणि उत्तम केलेलं. ते कसं करायचं हे तिला त्याच माणसाने शिकवलं होतं.

कुवाबारा-सान फडक्याने आरसा पुसत होते.

‘सेन्सेई, खिडकी कुठे आहे?’

‘पत्रा आतून सडला होता. काढावं लागलं.’

‘पत्रा चांगला होता. मे महिन्यात मी सात ठिकाणी जाडी मोजली आहे. तुम्हीच मोजायला लावली होती.’

ते आरसा पुसत राहिले. मग फडक्याची व्यवस्थित घडी केली आणि तिच्याकडे वळले. ‘पद्मिनी-सान, आपण फार मदत केलीत. मंडळ आपलं ऋणी आहे.’ दोन वर्षं मुरलेलं ‘तू’ एका वाक्यात गेलं. ‘त्यांचं नाव मी घातलं आहे. पूर्वी कुठेच नव्हतं. आता आहे, मेकॅनिक म्हणून. चांगल्या पेंटरकडून लिहून घेतलं.’

‘ते नुसते मेकॅनिक नव्हते, त्यांनी शर्यत जिंकली होती. आणि ते अक्षर त्यांच्या हातचं होतं. त्यांच्या बहिणीकडे दुसरं काही नाही. फाइलमध्ये हे लिहिलं होतं, तुम्ही दोनदा वाचलंत!’

‘वाचलं,’ कुवाबारा-सान म्हणाले. ‘तीस वर्षं लोक मला विचारत आले, ही गाडी कुणाची, आणि मी सांगत आलो. आता पंचाहत्तरी जवळ आल्यावर काय सांगू, की मला माहीतच नव्हतं?’

‘हो. तेवढंच सांगायचं होतं. म्हणून तर मी आधी एकट्या तुम्हाला दाखवलं.’

‘त्याबद्दल मनापासून आभार,’ ते म्हणाले, आणि कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. कंबर अगदी छान वाकत होती.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपल्यात म्हणतात. पद्मिनीने तर किल्ल्या देऊन वर खिचडीचा डबाही पोचवला होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे तिला इतके दिवस नुसतं ऐकून माहीत होतं. तिला रडू आलं नाही. एवढा संताप आला, की समोरच्या टेबलावरचा पाना उचलून त्या तुकतुकीत लाल रंगावर एक रेघ ओढावी असं वाटलं. पण घड्याळात दहा वाजून गेले होते, आणि किनुआजी गाडीत बसल्या होत्या.

तिच्या फोनमध्ये त्या अक्षरांचे चाळीस फोटो होते. फोटो डोळे असणाऱ्यांसाठी असतात. स्टेशनापर्यंत ती हाच हिशेब करत गेली, की काय सांगायचं, कसं सांगायचं.

रेल्वेचा माणूस किनुआजींना हात धरून फाटकापर्यंत घेऊन आला. छोटी चण, पांढरी काठी, राखाडी कोट. केस नुकतेच सेट करून घेतलेले. पद्मिनीचा आवाज ऐकताच त्यांनी दोन्ही हातांनी तिचा दंड चाचपला. ‘आधी हात धुऊन घेते,’ त्या म्हणाल्या. ‘गाडीत भाताचा गोळा खाल्ला. तेलकट हात नकोत अक्षराला.’

पद्मिनीने त्यांना नळापाशी नेलं. म्हातारीने साबण लावून एकेक बोट धुतलं, रुमालाने कोरडं केलं. नखं अगदी बारीक कापलेली होती. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पद्मिनीने सांगितलं नाही. टॅक्सीतही नाही. आजीच तिला सांगत राहिल्या, की दादा बोटींवर नाव लिहायचा तेव्हा कोळी मुद्दाम त्याच्याकडेच यायचे, त्याने सोडलेली शेपटी दुरून ओळखू यायची म्हणून.

मैदानात मंडळाचे लोक गोळा झाले होते. विजेत्या गाडीच्या मेकॅनिकची बहीण आली आहे, असं कुवाबारा-सानांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते पुढे झाले, खोल वाकले, आणि पद्मिनीच्या हातातून किनुआजींचा हात अलगद काढून घेऊन तो त्यांनी शेपटीवरच्या पांढऱ्या अक्षरांवर ठेवला. ‘हे आपल्या भावाचं नाव,’ ते म्हणाले. कॅमेरे वर झाले.

किनुआजींचं बोट पहिल्या अक्षरापासून निघालं. सावकाश शेवटपर्यंत गेलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. पुन्हा शेवटाशी जाऊन त्यापुढच्या गुळगुळीत रंगावर चाचपत राहिलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

‘फार सुंदर अक्षर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आभारी आहे.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुवाबारा-सानांनी पद्मिनीकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, की आता एवढं निभावून ने. आणि खरं सांगायचं तर निभावून नेणं अगदी सोपं होतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने तेच केलं असतं, आणि त्याला सभ्यपणा म्हटलं असतं.

‘हे त्यांचं अक्षर नाही,’ पद्मिनी म्हणाली. जपानीत एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात बोलली नव्हती. ‘त्यांचं अक्षर इथे होतं. मी पाहिलं होतं. कुवाबारा-सानांनी ते गेल्या महिन्यात घासून काढलं, कारण ही शर्यत हॉलोवेने जिंकलेलीच नाही. सदाओ-सानांनी जिंकली. माझ्याकडे कागद आहेत.’

टाळ्या थांबल्या. मंडळाचे लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि बाजूच्या गाडीच्या कार्बोरेटरबद्दल कुणाला तरी काही विचारलं. कुवाबारा-सानांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते जागचे हलले नाहीत. तेवढ्यात किनुआजी म्हणाल्या, ‘पद्मिनी-सान, मला जरा कुठे तरी बसव.’

तळ्याकाठी एक बाक होता. पद्मिनीने त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न झाकता. फाइल, नेमावाशी, कॉम्प्रेसर, खिचडीसुद्धा. सांगताना ती रडली. म्हातारी ऐकत होती.

‘म्हणजे मी फोनवर विचारलं, तेव्हा ते होतं,’ किनुआजी म्हणाल्या.

‘होतं.’

‘दुसऱ्या दिवशीही होतं.’

‘हो. सप्टेंबरपर्यंत होतं. मला वाटलं, आधी त्यांना सांगावं. त्यांचा मान...’ कुवाबारा-सानांनी तिला फसवलं, हे खरंच होतं. पण या बाईला ‘थांबा’ म्हणून सांगणारं तोंड कुवाबारा-सानांचं नव्हतं.

किनुआजींनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. ‘तू पाहिलंस ना? किती दिवस पाहत होतीस?’

‘चार महिने.’

‘मग काढून दाखव. होतं तसं.’

पद्मिनीने डोळे पुसले. त्या धुतलेल्या, कोरड्या तळव्यावर तिने बोट टेकवलं. त्या अक्षरांची उंची तिला मिलिमीटरमध्ये पाठ होती. रंगाची जाडी पाठ होती, कोणता थर कोणत्या सालचा ते पाठ होतं. तिने पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं आणि शेपटी लांब सोडली, मनगटापर्यंत. मग वाट पाहत राहिली.

किनुआजींनी ऐकत असल्यासारखी मान तिरपी केली.

‘हे तुझं अक्षर झालं,’ त्या म्हणाल्या, आणि हात मागे घेऊन त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला.